वाकलं की बरं वाटतं

दि. ९ फेब्रुवारी

चि. गोंद्यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

फोनच करणार होते. पण माझा आवाज जरा चढला की तू फोन ठेवून देतोस. पत्राला ती सोय नाही, म्हणून कागद घेतला. शेवटपर्यंत वाच, मग हवं तर तुझ्या पुठ्ठ्यांच्या ढिगात टाक.

तुझ्या बायकोने, धाकटीने, सगळं सांगितलं. भर दुपारी पोटात कळ आली, उलट्या झाल्या, तोंड पांढरं पडलं, ती बिचारी आपल्या पाळणाघरातली मुलं शेजारणीच्या गळ्यात घालून तुला घेऊन हॉस्पिटलात धावली. आणि तू काय केलंस? डॉक्टरीणबाईंनी दारू पिता का एवढं विचारलं, तर हाताची सुई उपटून चालता झालास! अरे, पोट धरून येणाऱ्या प्रत्येकाला त्या हेच विचारत असणार. त्यात तुझ्या अब्रूचा पंचनामा नव्हता. रक्ततपासणीत स्वादुपिंडाला सूज आहे असं निघालं होतं, आणि त्या सुजेच्या मोठ्या कारणांत दारू येते, म्हणून विचारलं. नाही म्हणायचं आणि पडून राहायचं, इतकं सोपं होतं.

स्वादुपिंड हे मलाही काल कळलं. जठराच्या मागे आडवं पडलेलं असतं, अन्न पचवायचा रस करतं, रक्तातली साखर सांभाळतं. नाव इतकं चवदार आणि काम बघ. ते सुजलं की माणूस दगावूही शकतो म्हणे. हे वाक्य मी मुद्दाम जाड लिहिलं आहे.

आता खरं सांग. मी मोठी बहीण आहे, मला राग येणार नाही. घेतोस का कधी?

जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे, माझ्या नेहमीच्या स्टुलावर, ड्रॉइंग बोर्डावर ओणवी होऊन. नव्या साहेबांनी नकाशाघरातल्या सगळ्यांना पाठीच्या खुर्च्या आणल्या, पण मला टेकून बसलं की उलट अस्वस्थ होतं. सवय गेली.

पुन्हा हॉस्पिटलात जा. लोभ आहेच, पण सध्या तो रागाखाली दबला आहे.

तुझी,
ताई


दि. १४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र शेवटपर्यंत वाचलं. राग येणार नाही म्हणून तू जे विचारतेस, त्यात तुझा राग वाक्यावाक्याला दिसतो आहे.

मी दारू पीत नाही. कधी प्यालो नाही. लग्नाच्या आधी एकदा मित्रांनी ग्लास हातात दिला होता, तो मी कुंडीत ओतला आणि ते झाड मेलं. हे तुला माहीत आहे, तूच त्या झाडासाठी मला बोलली होतीस. आणि माझ्या मुलीच्या वयाची डॉक्टर, बायकोच्या देखत, पांघरुणातल्या माणसाला रोज किती घेता म्हणून विचारते! घेता का नाही, किती घेता!

दुसरं असं, की मला झालेलंच नाही काही. गॅस आहे. पुरावा देतो. घरी पलंगावर उताणा पडलो की बरगड्यांच्या मधोमध दुखायला लागतं, थेट पाठीत जातं. उठून दुकानात गेलो, पुस्तकं शिवायच्या चौकटीवर वाकून बसलो, की थोड्या वेळात दुखणं कमी. दर वेळी असंच होतं. तूच सांग, काम केल्याने बरा होणारा आजार असतो का? माझं दुखणं आळसाचं आहे. म्हणून मी आता पडतच नाही.

शिवाय वाचनालयाने ज्ञानकोशाचे सगळे खंड बांधायला दिले आहेत. कणे उसवलेत, पानं सुटलीत. माझ्यानंतर या गावात हाताने शिवणारा कोणी नाही. पलंगावर लोळून ते कसं होणार?

धाकटी उगाच घाबरते. तू तिला आणखी घाबरवू नकोस.

लोभ रागावर ठेव, खाली नको.

तुझा,
गोंद्या


दि. १८ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

हे पत्र तुझ्यापुरतं ठेव.

तुझ्या नवऱ्याचं उत्तर आलं. म्हणे दुखणं आळसाचं! माझ्या डोक्यावर मिरे वाटायला हा जन्माला आला आहे. ज्ञानकोश बांधतो आणि एक खंड उघडून बघत नाही. पालथ्या घड्यावर पाणी ओतून माझा हात दुखायला लागला.

पण मनात एक किडा वळवळतो आहे. दिवसभर दुकानात बसायचं, घरी यायचं नाव नाही, आणि दुकानात गेलं की बरं वाटतं. ही कसली लक्षणं, हे तुला मी सांगायला नको. कुंडीची गोष्ट मला माहीत आहे, पण त्याला वर्षं झाली. माणसं बदलतात.

तो गिऱ्हाइकाकडे गेला की दुकान नीट बघ. पुठ्ठ्यांच्या मागे, खळीच्या डब्यांच्या फळीवर, दाबयंत्राच्या खाली. मला असं लिहिताना लाज वाटते आहे, पण बघ.

तुझी,
ताई


दि. २४ फेब्रुवारी

ती. वन्संस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

बघितलं. बाटल्या निघाल्या.

मी तिथेच कापडाच्या गठ्ठ्यावर बसले. जाड पुठ्ठ्यांच्या मागे एका ओळीत लावून ठेवल्या होत्या. रिकाम्या, सगळ्या धुतलेल्या. मग एक हातात घेतली आणि वाचलं. वन्सं, ते आम्लपित्ताचं गुलाबी औषध आहे. सगळ्याच बाटल्या त्याच. दारूचा एक थेंब नाही.

आधी हसू आलं आणि मग रडू. इतक्या बाटल्या म्हणजे किती महिने दुखतंय? मला वाटायचं यांना दुकानाचं वेड आहे. आता कळतंय की हे घरातून नाही, पलंगावरून पळत होते. परवा जाग आली तर हे जमिनीवर गुडघे टेकून, उशी पोटाशी घेऊन, पलंगाच्या काठावर वाकून झोपलेले. विचारलं तर म्हणाले, चप्पल शोधतो आहे.

विचारायचं ठरवलं, तर त्याआधीच त्यांनी शिवलेला एक खंड माझ्या हातात आला. त्यातला एक फर्मा उलटा शिवला आहे. म्हणजे त्या गड्डीतली सगळी पानं डोक्यावर उभी! तुमच्या भावाने आयुष्यात असं कधी केलं नाही. दाखवल्यावर टाके उसवून पुन्हा शिवायला बसले. हॉस्पिटलचं नाव काढलं की तेच पालुपद, त्या डॉक्टरीणबाई आधी माझी माफी मागतील.

पाळणाघरातल्या पोराला ताप आला तर ते निदान रडून सांगतं. यांच्यापुढे मी हात टेकले.

आपल्या प्रेमातली,
धाकटी


दि. २८ फेब्रुवारी

गोंद्या,

मायना नाही. आशीर्वाद पत्राच्या शेवटी मिळेल, मिळवलास तर.

बाटल्या सापडल्या. दुकान बघायला मीच सांगितलं होतं. धाकटीवर डोळे वटारू नकोस, माझ्यावर वटार, मी लांब आहे. तुझ्यावर शंका घेतली ती चुकली. पण दारू असती तर मला कमी राग आला असता. दारुड्याला निदान कळतं की आपण काहीतरी लपवतो आहोत. तू आजार लपवलास, बाटल्या धुऊन ओळीत लावल्यास, आणि स्वतःला सांगितलंस की हा आळस आहे!

औषध मीही घेते. तळलेलं, तुपट काही पोटात गेलं की चमचाभर, कधी दोन. पण राजरोस टेबलावर ठेवते. तुझ्यासारखी पुठ्ठ्यांच्या मागे वखार उघडलेली नाही.

त्या डॉक्टरीणबाई तुझी माफी मागणार नाहीत. त्यांनी कसली मागायची? तूच जा, आणि तोंड न उघडता झोप त्या पलंगावर. सुंभ जळायच्या आधी पीळ सोडला तर काही बिघडत नाही.

वाचनालयाचे खंड थांबतील. त्यांना सगळं माहीत असतं, तेवढं कळेल त्यांना.

आशीर्वाद अजून हातात ठेवला आहे.

ताई


दि. ७ मार्च

ती. वन्संस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

घाईत लिहिते. परवा हे दुकानात कोसळले. वाकूनही दुखणं थांबेना, तेव्हा हे पहिल्यांदा घाबरले. अंगात ताप, श्वास आखूड, पाणीही पोटात टिकेना. आता हॉस्पिटलात आहेत आणि जिवावरचं टळलं आहे, हे आधी सांगते.

ड्यूटीवर त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. यांनी डोळे मिटूनच मान हलवून नाही म्हटलं, आणि त्या बरं म्हणून पुढच्या प्रश्नाला गेल्या! इतक्या दिवसांचा सगळा मानापमान तेवढ्यात संपला. मला तिथेच यांना एक चापट मारावीशी वाटली.

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. त्यातला एखादा बारीक खडा निसटतो आणि नळीच्या तोंडाशी अडकतो. स्वादुपिंडाचा रस त्याच तोंडातून आतड्यात जायचा असतो. वाट बंद झाली की तो आतच राहतो आणि स्वादुपिंड स्वतःलाच पचवायला लागतं. यांना बहुधा महिनोन्महिने असे लहान लहान झटके येत होते. खडा सुटला की बरं वाटायचं, आणि श्रेय कामाला मिळायचं. आम्लपित्ताच्या औषधाचा या दुखण्याला काही उपयोग नव्हता.

आणि ते वाकणं! बाई म्हणाल्या, या दुखण्याची खूणच ती. उताणं झोपलं की वाढतं, पुढे वाकलं की कमी होतं. दुसरा कोणी असता तर वाकून बसलेला बघून घरच्यांनी ओळखलं असतं. यांचा धंदाच वाकायचा, कोणाला काय कळणार?

सुरुवातीला तोंडाने काही नाही, फक्त सलाईन, भरपूर, आणि दुखायचं थांबवायला इंजेक्शनं. आज पातळ भात दिला, तो राहिला. शेजारच्या पलंगावरचा माणूस याच आजाराने आला होता, त्याला काल अतिदक्षता विभागात हलवलं. त्याची बायको बाहेर बाकावर बसलेली असते. मी तिच्याकडे बघू शकत नाही.

आता मुख्य. डॉक्टर म्हणतात, सूज उतरली की याच मुक्कामात पित्ताशय काढून टाकू. ठेवलं तर पुन्हा खडा सुटेल, आणि पुढच्या वेळी काय होईल ते सांगता येत नाही. हे म्हणतात, आधी घरी जाऊन उरलेले खंड संपवतो, मग बघू. वन्सं, माझं ऐकत नाहीत. तुम्ही येऊन बोला हो.

धाकटी


दि. १० मार्च

चि. गोंद्यास,
आशीर्वाद, घे आता.

खंड संपवून येतो म्हणालास म्हणे. बाहेर बाकावर बसलेल्या त्या बाईच्या नवऱ्यालाही काहीतरी संपवायचं असेलच की. धाकटीला त्या बाकावर बसवायचं आहे का तुला? एवढाच प्रश्न आहे, बाकी शब्द मी खर्च करत नाही.

पित्ताशयाशिवाय माणूस नीट जगतो, मी चौकशी केली. वाचनालयालाही फोन केला. त्यांनी कळवलं, वाचकांनी आजवर सुटी पानं वाचली, आणखी थोडे दिवस वाचतील.

मी येणारच होते, बॅगसुद्धा भरली होती. पण कचेरीत एकाचा निरोपसमारंभ झाला, तिथे लोणी थापलेला केक खाल्ला, आणि संध्याकाळी पाठीत अशी उसण भरली म्हणतोस! उजव्या बरगडीखालून निघून थेट खांद्याच्या पात्यापर्यंत. उलटीही झाली, केक शिळा असणार. वय झालं आता बोर्डावर ओणवायचं. आज बरी आहे, नकाशा पुरा करायचा आहे, तो झाला की येते.

तोपर्यंत सही कर ऑपरेशनच्या कागदावर. तू लहानपणी दात काढायला घाबरून माळ्यावर लपलास आणि मी खाली उभी राहिले होते. या वेळी मी लांब आहे, तूच खाली उतर.

तुझी,
ताई


दि. २६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उतरलो. सही केली, पित्ताशय गेलं, घरी आलो. चार बारीक भोकं, तुझ्या शिवणटिपेपेक्षा सुबक. डॉक्टरीणबाईंची फाटकी पाठ्यपुस्तकं बांधायला मागून घेतली आहेत. माफी कशी मागायची ते मला येत नाही, खळ लावता येते.

तेलकट कमी, थोडं थोडं खायचं, दारू आणि सिगारेट कायमची बंद. जे सुरूच केलं नाही ते बंद करायला मला काहीच त्रास झाला नाही. साखर अधूनमधून तपासायची. जड उचलायचं नाही, म्हणून दुकान बंद आहे, आणि मला वाचण्याखेरीज काम नाही. ज्ञानकोशातलं स्वादुपिंड वाचलं. तोच फर्मा मी उलटा शिवला होता.

मग तुझी पत्रं पुन्हा वाचली. ओळीने, रागवायचं बाजूला ठेवून.

ताई, तू पाणीपुरवठ्याचे नकाशे काढत जन्म घालवलास, म्हणून तुझ्या भाषेत सांगतो. दोन नळ, एकच तोंड, आणि वरच्या टाकीत खडे. खाली कुठे तुंबणार हे तुझ्या कचेरीतल्या शिकाऊ माणसालाही सांगता येईल. आता हे बघ. तुला खुर्चीत टेकलं की अस्वस्थ होतं. वाकलं की बरं वाटतं. तळलेलं खाल्लं की गुलाबी औषध. लोण्याचा केक खाल्ला आणि उजव्या बरगडीखालून खांद्याच्या पात्यापर्यंत कळ, वर उलटी. त्याला तू उसण म्हणतेस! कुठल्या उसणीत माणूस ओकतो? भाऊ मरणाच्या दारात असताना भरलेली बॅग ठेवून घरी बसणारी तू नाहीस. तुला चालवत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आता झोप लागत नाही.

मी बाटल्या पुठ्ठ्यांच्या मागे लपवल्या. तू टेबलावर लपवलीस. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण तू मला किती वेळा ऐकवली आहेस ते आठव. डॉक्टरीणबाईंना विचारलं. म्हणाल्या, सख्ख्या भावंडांत खडे असणं नवल नाही, बायकांत तर जास्तच, आणि पत्र लिहीत बसू नका, घेऊन या.

मला तुझी भीती वाटते म्हणून आजवर फोन ठेवत आलो. आज तुझ्यासाठी वाटते आहे. आपल्या दोघांच्या वाकण्याचं लोकांनी कौतुकच केलं, कोणी दुखतंय का विचारलं नाही. मी विचारतो आहे.

फोन ठेवून देता येतो, आणि पत्रही तू उत्तर न देता ठेवून देशील. दारात उभ्या राहिलेल्या भावाला ती सोय नाही. हे पत्र पोचेल त्याच्या मागोमाग आम्ही पोचतो. मला उचलायची बंदी आहे, बॅग धाकटी उचलेल. नकाशा अर्धा असला तर अर्धा राहू दे.

लोभ आधी तपासून घेऊ, मग वाढवू.

तुझा,
गोंद्या


दि. १५ एप्रिल

चि. गोंद्या आणि चि. सौ. धाकटी यांस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुम्ही काल घरी गेलात आणि वॉर्ड एकदम शांत झाला. शेजारची बाई म्हणाली, तुमचे भाऊ फार बोलतात. मी म्हटलं, आत्ताच बोलायला लागला आहे.

ऑपरेशनचं कळवायची गरज नाही, तुम्ही होतातच. डॉक्टर आज पुन्हा येऊन म्हणाले, स्वादुपिंडाला सूज नुकतीच धरली होती, आणखी महिनाभर त्या स्टुलावर काढला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. खडे मला बाटलीत घालून दाखवले. बारीक आहेत, पण भरपूर. गोंद्या, विजयी चेहरा करू नकोस, तो मला इथूनही दिसतो.

एक गोष्ट तुमच्यासमोर सांगितली नव्हती. दाखल करताना मलाही विचारलं. बाई, दारू घेता का, आणि रोज किती! माझ्या या वयाला! अंगाची अशी लाही झाली की सुई उपटून निघून जावं. मग तुझी आठवण झाली, नाही म्हटलं आणि पडून राहिले. तुला मी सोपं आहे म्हणून लिहिलं होतं. सोपं नव्हतं रे.

नकाशा साहेबांनी दुसऱ्याकडून पुरा करून घेतला. एक नळ चुकीच्या गल्लीत नेला आहे असं कळलं. आत्ता नाही, कचेरीत गेल्यावर बोलेन.

धाकटे, तू बॅग उचललीस, मला उचललंस, आणि त्यालाही. आमच्या घरात सरळ उभी राहणारी तू एकटी. तुला आशीर्वाद सगळ्यांत आधी.

तुमची,
ताई

ता. क. अक्षर ओळखू येणार नाही कदाचित. पाठ टेकून लिहिते आहे. दुखत नाही.